मिठाच्या भट्टीवरची दोन माणसं

आमच्या उंब्रजचे एक मास्तर दरवर्षी दिवाळी अंक काढतात. गेल्या उन्हाळ्यात ते माझ्या दारात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, तुम्ही एवढी वर्षं साताऱ्याच्या एमआयडीसीत काय करत होता ते लिहा की. मी म्हटलं, सव्वीस वर्षं मीठ उकळत होतो. मास्तर हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. जाताना म्हणाले, असंच गमतीगमतीनं लिहा, सणाच्या दिवसांत लोकांना जड नको असतं.

तसं लिहिलंही होतं. सहा पानं झाली होती. ती फाडून टाकली आणि हे लिहिलं. त्याचं कारण पुढे येईलच, पण आधी मिठाचं सांगतो, नाहीतर बाकीचं काही कळायचं नाही.

पोलादाला दोन गोष्टी एकदम लागतात. इंजिनातला क्रँकशाफ्ट घ्या किंवा पंपाचा दांडा घ्या, तो वरून कडक पाहिजे म्हणजे घासून झिजणार नाही, आणि आतून चिवट पाहिजे म्हणजे धक्क्यानं मोडणार नाही. सगळाच कडक केला तर तडकतो आणि सगळाच मऊ ठेवला तर सहा महिन्यांत खिळखिळा होतो. म्हणून त्याला नुसती वरची कातडी कडक करून द्यायची. यालाच नायट्रायडिंग म्हणतात. आम्ही ते मिठात करायचो. हे मीठ जेवणातलं नव्हे, विषारी. त्याचा पांढरा भुगा मोठ्या पॉटमध्ये पाचशे सत्तर डिग्रीला वितळवला की पाण्यासारखं पातळ होतं. त्यात तयार झालेला पार्ट दीड तास बुडवून ठेवायचा. मिठातला नायट्रोजन पोलादात शिरतो आणि वर एक थर धरतो. थर केवढा, तर डोक्याचा एक केस उभा चिरून पाच भाग केले तर त्यातला एक भाग. पण त्यावर कानस चालत नाही, नुसती घसरते. आणि पार्ट वाकत नाही, हे महत्त्वाचं. गेला तसाच बाहेर येतो, फक्त काळपट होऊन.

या काळपटपणापायी आम्ही लय बोलणी खाल्ली. फलटणकडचा एक गृहस्थ पंपाचे चार दांडे घेऊन गेला आणि महिन्यात परत आला. म्हणाला, तुमचं नायट्रायडिंग बोगस आहे, दांडे झिजले. मी कानस फिरवली तर ती बटाट्यात शिरावी तशी शिरली. मला कळेना. खोदून खोदून विचारल्यावर म्हणाला, काळे दिसत होते म्हणून वाटेत पॉलिशवाल्याकडून चकाचक करून घेतले. म्हटलं, अहो, आम्ही दीड तासात जे दिलं ते तुम्ही दहा मिनिटांत पुसून टाकलंत. तो म्हणाला, पण आता दिसतात छान. अशा माणसाशी काय वाद घालणार?

काम मोठं एकटेपणाचं होतं. मिठाच्या भट्टीचं शेड कारखान्याच्या पार मागे, कंपाउंडला लागून. वाफा, वास आणि विष, त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नसे. तिथं खायचं नाही, प्यायचं नाही, तंबाखूसुद्धा मळायची नाही. काम संपलं की आंघोळ करून, कपडे बदलूनच बाहेर. कँटीनमध्ये जाऊन बसलो तर शेजारचा हळूच आपला डबा पलीकडे ओढायचा. मुद्दाम नाही, पण ओढायचा. माझी बायको सुशीला माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. तिचं बरोबरच होतं. धाकटा लहान असताना घरी आल्या आल्या मी त्याला कधी उचलून घेतलं नाही. आता तो पुण्यात असतो, फोनवर "जेवलात का" एवढं विचारतो. त्याच्यापाशी माझ्याविषयी विचारण्यासारखं दुसरं काही नाही, आणि तो दोष त्याचा नाही.

या शेडमध्ये माझ्याशिवाय एकच माणूस होता, सिद्धाप्पा. तो जत तालुक्यातला, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या गावचा. घरात कानडी बोलायचा आणि आमच्याशी मराठी, तीही जपून, एकेक शब्द निवडून. बायकामुलं गावी, हा साताऱ्यात खोली करून राहायचा. सकाळी सहा ते दोन तो, दोन ते दहा मी. रात्री भट्टी मंद ठेवायची आणि वॉचमन आकडा बघून जायचा. म्हणजे आम्ही दोघं चौदा वर्षं एकाच पॉटवर काम केलं, पण एकत्र किती, तर दुपारी दोनच्या सुमाराला पंधरा मिनिटं. तो आंघोळ करून यायचा, मी कपडे बदलायच्या आधी बाहेरच्या पिंपरणीच्या झाडाखाली बसायचो. तो चहा आणायचा. आज मीठ कसं आहे, गाळ किती आला, कुणाचा माल अडलाय, एवढंच बोलणं. कधी तेवढंही नाही. ती पंधरा मिनिटं माझ्या दिवसातला सगळ्यात बरा वेळ होता, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

त्याचा मामा धनगर. तो एकदा लोकर कातरायच्या सात कातरी घेऊन गावाहून थेट शेडच्या दारात आला. भाच्याने सांगितलं होतं म्हणे, आमच्या मिठातून काढलं की लोखंड झिजत नाही. सिद्धाप्पाची पाळी संपलेली, तो खोलीवर गेलेला. मी भरात होतो. म्हातारा एवढा लांबून आलाय म्हटल्यावर कातरी पुसल्या, टांगल्या आणि दिल्या बुडवून. आधी विचारायला हवं होतं की हे पोलाद कसलं आणि त्याला पाणी कसं दिलंय. कातरीला लोहाराने हलक्या तापावर पाणी दिलेलं असतं. पाचशे सत्तर डिग्रीत दीड तास ठेवल्यावर ते सगळं पाणी, म्हणजे लोहाराने आणलेला ताठपणा, उतरलं. वरून कानस घसरत होती, पण दाबली की कातर उघडायलाच तयार नाही, स्प्रिंग मेलेली. मामाने एक कातर हातात घेतली, दाबली, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या पिशवीत भरल्या. मी त्याच्या पाया पडलो. दुसऱ्या दिवशी सिद्धाप्पाला स्वतः सांगितलं, चूक माझी, मी न विचारता टाकल्या. पुढच्या रविवारी बाजारातून सात नव्या कातरी घेऊन त्याच्या हाती दिल्या. तो म्हणाला, "जाऊ द्या अण्णा, तुमी कबूल तरी केला. कोन करतंय?"

चूक कबूल करायला मला जड जात नाही, असं त्या दिवशी मला स्वतःबद्दल वाटलं. सात कातरींची चूक होती ती.

आता वहीचं सांगतो. आमच्या शेडच्या दारापाशी एक टेबल होतं आणि त्यावर रोजची वही. किती वाजता काय टाकलं, किती डिग्री, कोणती कामं झाली, प्रत्येकापुढे बरोबरची खूण आणि सही. पण मिठाचे हातमोजे घालून वहीला हात लावायचा नाही, असा नियम होता. ही वही आकडे उतरवून घ्यायला ऑफिसातल्या मुली हाताळत, तिच्यावर मिठाचा कण गेला तर? नियम मीच घातला होता आणि तो सगळ्यांनी पाळला म्हणून मला अभिमानही होता. त्यातून एक सवय पडली. मोजे घालायच्या आधी, स्वच्छ हातांनी, पुढच्या तासाभरात करायच्या कामांपुढे खुणा करून टाकायच्या आणि मग मोजे चढवून ती कामं उरकायची. आधी खूण, मग काम. वर्षानुवर्षं असंच चाललं. आणि खूण केली आणि काम केलं नाही असं आमच्या दोघांत कधी झालं नव्हतं, म्हणून त्यात काही चुकतंय असं वाटलंही नाही.

एक काम मात्र क्वचितच करावं लागे. भट्टी आम्ही कधी पूर्ण बंद करत नसू. दिवाळीतसुद्धा दोघांतला एक जण मंद आचेवर पॉट सांभाळत बसायचा, आणि सिद्धाप्पाचं गाव लांब म्हणून बहुतेक दिवाळ्या मीच बसलो. कारण मीठ एकदा गोठलं की पुन्हा वितळवणं धोक्याचं असतं. आच बाजूने आणि तळातून लागते. खालचं मीठ आधी वितळतं, फुगतं, वर गोठलेल्या मिठाचा दगडी थर तसाच. आतल्या दाबाला वाट नाही. कुकरची शिट्टी बसली आणि झाकण उघडेना, तसं. मग ते फुटतं. त्यासाठी आमच्यात एक जुनी पद्धत होती. भट्टी बंद केल्यावर मीठ लापशीइतकं दाट झालं की त्यात लोखंडाची लांब निमुळती पाचर उभी खुपसायची, पार तळापर्यंत. मीठ घट्ट झालं की हातोडीने ठोकून ती उपसून काढायची. मागे वरपासून तळापर्यंत बीळ राहतं. पुन्हा तापवताना दाब त्या बिळातून निघून जातो. बंद करणाऱ्याने पाचर मारायची, चालू करणाऱ्याने झाकण उचलून बीळ बघायचं, असा रिवाज. पण झाकण चेन-पुलीने उचलावं लागे, मोठं वजनदार होतं, आणि वहीत खूण असली की कुणी ते उचलून बघत नसे. मीही कधी बघितलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात शेडचे पत्रे बदलायचे ठरलं. आठवडाभर भट्टी बंद. सिद्धाप्पा गावी गेला. बंद करायचं काम माझ्याकडे. मी दुपारी आच तोडली, वहीत ओळीने खुणा केल्या: आच बंद, मिठात सोडायची हवा बंद, पाचर, झाकण. मग मोजे घालून मीठ दाट व्हायची वाट बघत बसलो. त्याला वेळ लागतो. एवढ्यात पत्रेवाले आले, ठरल्यापेक्षा लवकर, आणि येऊन त्यांनी एक जुना पत्रा वरून तयार मालाच्या रॅकवर सोडला. माझं डोकं फिरलं. तयार क्रँकशाफ्ट होते तिथं, एक ओरखडा चालत नाही. मी त्यांच्या मुकादमाला वाटेल ते बोललो. मग सगळा माल एकेक करून आत हलवला, ताडपत्र्या टाकल्या, तासदीड तास गेला. परत आलो तेव्हा पत्रेवाल्यांना झाकण लावलेली भट्टी पाहिजे होती. चौघांनी हात लावला, झाकण बसवलं. मी आंघोळ केली आणि एसटी पकडली.

पाचर भिंतीवरच्या खुंटीला होती. ती तिथून निघालीच नव्हती.

हे मला कळलं रविवारी. सुशीलाने कोथिंबीर वडीचे उंडे वाफवले होते आणि शिजलेत का बघायला त्यात सुरी खुपसून बाहेर काढली. मी समोरच बसलो होतो. उंड्यात बारीक भोक राहिलं. खुंटीवरची पाचर डोळ्यांसमोर आली. मी सिद्धाप्पाला फोन लावला, तो लागला नाही, त्याच्या गावात रेंज मिळायला टेकाडावर जावं लागतं. पुन्हा दोनदा लावला. मग मालकांचा नंबर काढला आणि बघत बसलो. त्यांना काय सांगायचं? नवीन माणसांना पाचर कशी मारायची हे शिकवणारा मी, मीच विसरलो? सोमवारी सकाळी सहाला सिद्धाप्पा भट्टी चालू करणार होता. पॉट वितळायला अख्खा दिवस लागतो. दोनच्या आत पोचलो तरी पुष्कळ, हळूच सांगू, आच तोडू, कुणाला कळायचंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा मी विचार केला. सकाळी फोन केला तर त्याचा मोबाइल कपाटात, शेडमध्ये न्यायची बंदी. ऑफिसात एक फोन केला असता तर कुणीतरी जाऊन सांगितलं असतं. दोन मिनिटांचं काम. मी केला नाही. नेहमीच्या बसने निघालो.

पावणेदोनला फाटकाशी उतरलो तर गर्दी होती. भट्टी दहाच मिनिटांपूर्वी फुटली होती. झाकण नव्या पत्र्यांतून बाहेर गेलं होतं. सिद्धाप्पा पॅनेलपाशी उभा होता म्हणून वाचला. उजवा हात खांद्यापर्यंत, उजवा गाल आणि कान भाजला. मी पोचलो तेव्हा त्याला गाडीत घालत होते आणि त्याचे डोळे उघडे होते. आमची गाठ पडायची तीच वेळ होती.

चौकशी झाली. साहेब लोक आले. वरच्या थराचे तुकडे तुकडे झालेले, त्यात बीळ होतं की नव्हतं हे देवसुद्धा सांगू शकला नसता. वही मीच काढून दिली. त्यात पाचरीपुढे माझी खूण होती, सही होती. मला विचारलं, पाचर मारली होती का. मी म्हणालो, वहीत आहे. एवढंच म्हणालो, खोटं असं काही बोललो नाही, अशी स्वतःची समजूत घातली. मग निष्कर्ष उरला एकच. तापमान घाईने चढवलं असणार. सिद्धाप्पाचं म्हणणं, मी सावकाश चढवली. वहीतले आकडे त्याच्याच हातचे, त्याला साक्षीदार कोण? शेडमध्ये तो एकटाच. त्याच्या नावावर निष्काळजीपणा लागला, आणि हात बरा झाल्यावर जे काही द्यायचं ते देऊन त्याला कामावरून कमी केलं.

त्याच्या नातेवाइकांनी त्याला सांगलीला हलवलं होतं. महिन्याभराने मी भेटायला गेलो. त्याची बायको महादेवी खाटेशेजारी खाली बसली होती. सिद्धाप्पाचा अर्धा चेहरा पट्टीत. त्याने मला बसायला सांगितलं, सुशीलाची चौकशी केली, मग डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"अण्णा, तुमी पाचर मारली व्हती न्हवं?"

मी "हो" म्हणालो.

त्याने मान हलवली आणि हात सोडला. "मग माझंच काय तर चुकलं असंल," म्हणाला.

त्या दवाखान्यातून बाहेर येऊन मी स्टँडवर तीन तास बसून होतो. साताऱ्याच्या चार गाड्या गेल्या. आत जाऊन सांगायला पाच मिनिटं लागली असती. पण चौकशीत गप्प बसलेला माणूस आता बोलला तर पहिलं गप्प बसणंही उघडं पडतं. एकदा मूग गिळले की ते पोटातच ठेवावे लागतात. मी पाचव्या गाडीत चढलो.

पुढची सहा वर्षं मी नव्या माणसाबरोबर काम केलं. चांगला होता, पण आपल्या आपल्या फोनमध्ये असायचा. दुपारी दोन वाजता मी पिंपरणीखाली जाऊन बसायचो आणि बसवायचं नाही. लोक म्हणायचे, तुम्ही फार गप्प झालात. आधी जणू मी भाषणं देत होतो! नंतर मिठाची भट्टीच काढली, आता सगळीकडे गॅसवर करतात, ते स्वच्छ असतं. मी निवृत्त झालो आणि कारखाना विकला गेला. दोन वर्षांपूर्वी सुशीला गेली. तिलाही मी सांगितलं नव्हतं. शेवटच्या आजारात एकदा तिने विचारलं, तुमचा तो जतचा मित्र कसा आहे, कधी येत नाही. मी म्हटलं, बरा आहे. तिच्याशी मी बोललेलं शेवटचं खोटं ते. घरात आता मी एकटा. भांडी दोन, ताट एक. दिवसभर बोलायला कुणी नाही, आणि हे एक सोडून बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मास्तरांसाठी गमती लिहायला बसलो तेव्हा फलटणचे दांडे झाले, कातरी झाल्या. कातरींपाशी सिद्धाप्पाचं नाव आलं आणि पेन पुढे जाईना. चार दिवस कागद तसाच पडून होता. पाचव्या दिवशी मी जतची गाडी पकडली. जतहून पुढे माणसं भरून निघणारी वडापची जीप, आणि शेवटी दोन किलोमीटर चालत. ज्वारीची काढणी होऊन रानं मोकळी पडली होती.

सिद्धाप्पा दारातच होता, घोंगड्यावर बसलेला. गाल आखडून ओठ एका बाजूला ओढला गेलेला. मला बघून उठला, "अण्णा, या की," म्हणाला आणि आत पाणी आणायला सांगितलं. महादेवीने पाणी दिलं आणि बोलता बोलता त्याचं गाऱ्हाणं माझ्यापुढे मांडलं. गावातल्या गिरणीवर चालवायला बसा म्हणून लोक दोनदा विचारायला आले, हे जात नाहीत. पाण्याची मोटरसुद्धा चालू करत नाहीत, मला नाहीतर दिराला सांगतात. म्हणतात, माझा हात घाईचा आहे, माझ्या हातात काही देऊ नका. तुम्ही तरी सांगा यांना.

मी येताना जीपमध्ये वाक्यं जुळवली होती. ती सगळी विसरलो. सरळ सांगितलं, सिद्धाप्पा, मी पाचर मारली नव्हती. खूण आधी केली होती, काम राहून गेलं. रविवारी मला आठवलं होतं, तरी मी कुणाला कळवलं नाही. दवाखान्यात खोटं बोललो.

तो खाली बसला.

"म्हंजे बीळ नव्हतंच?"

"नव्हतं."

"मग मी कितीबी सावकाश चढवली असती तरी?"

"तरी फुटलीच असती."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं आता हा मारेल, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तो हळू आवाजात बोलायला लागला.

"आट वर्सं मी रोज मोजतोय अण्णा. सहाला किती, सातला किती, आटला किती. दर टायमाला बरोबर येतंय. आन तरीबी फुटली, म्हंजे माझं मोजणंच खोटं, असं म्हणायचो. मला वाटायचं मला डोकंच न्हाई."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने हात वर केला. महादेवीला बोलावलं आणि मला म्हणाला, हिला सांगा. मी पुन्हा सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून उभी राहिली. मग त्याने शेजारून भावाला हाक मारली. त्यालाही सांगा. मग गिरणीवाल्याला बोलावणं धाडलं. तो पिठाने माखलेला तसाच आला, त्याच्यामागे अजून दोघं. सिद्धाप्पाने त्यांना कानडीत काहीतरी सांगून बसवलं आणि मला म्हणाला, "आता परत सांगा. सावकाश सांगा, ह्येला मराठी कमी कळतंय." चौथ्या वेळी माझा आवाज फुटला. तो थांबला, मला पाणी दिलं आणि म्हणाला, "रडू नका. नीट सांगा."

सांगून झाल्यावर ते लोक त्याच्याशी बोलत राहिले, कानडीत, आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. गिरणीवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. सिद्धाप्पा ओढलेल्या ओठाने हसला. आठ वर्षांत तो हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो आणि ते हसणं माझ्यासाठी नव्हतं.

महादेवीने चहा दिला, मी प्यालो. निघताना तो जीपच्या थांब्यापर्यंत आला. मी म्हटलं, कारखान्यात सांगितलं असतं, पण आता कारखानाच राहिला नाही. जुन्या मालकांना परवा फोन केला होता, ते म्हणाले, झालं गेलं, आता कशाला उकरून काढता. मग मी अंकाचं सांगितलं.

"मग त्येच्यात लिवा," सिद्धाप्पा म्हणाला.

"लिहितो. सिद्धाप्पा, मी पुन्हा येऊ का रे कधी?"

तो रस्त्याकडे बघत होता. "कशाला?" म्हणाला. रागाने नाही. खरंच विचारल्यासारखं विचारलं. जीप आली. दुपारच्या चहाला मला पुन्हा कुणी सोबती मिळायचा नाही, हे त्या जीपमध्ये मला पुरतं कळलं. रडू आलं, पण शेजारी अनोळखी बाया होत्या, म्हणून खिडकीकडे तोंड केलं.

हे लिहून झाल्यावर निरोप धाडून त्याला टेकाडावर यायला सांगितलं आणि फोनवर सगळं वाचून दाखवलं. शेवटी एकच दुरुस्ती सांगितली. मी अंदाजाने "तासाला सत्तर-ऐंशी डिग्रीने" लिहिलं होतं, ते त्याने खोडायला लावलं आणि बरोबर आकडे दिले. ते लिहून घेतले, परत वाचून दाखवले, मग त्याने फोन ठेवला. मास्तरांना मी सांगितलंय की बाकी काय कापायचं ते कापा, पण पुढच्या ओळी कापू नका.

त्या सोमवारी सिद्धाप्पाने सकाळी सहाला आच दिली. तासाला साठ डिग्री, त्याच्यावर एकदाही नेली नाही. बाराला जेवायची सुट्टी होती, तो जेवायलाही गेला नाही. पॅनेलपाशी उभा राहून आकडा बघत होता. त्याने भट्टी सावकाशच चढवली होती.